शितोळ्यांची घोडी वरातीत नाचत नाही

यशवंतराव शितोळे यांनी आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका पायाला घोडीचा बूट बांधला, एक पाऊल मागे सरकून बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, हा टेबल आता भोपाळपर्यंत दौडत जाते पाहा."

ज्ञानदा हसून हसून खुर्चीवर आडवी झाली. माझी लेक तेव्हा चौदा वर्षांची होती आणि इतकं मोकळं हसणं तिला यशवंतरावांसमोरच यायचं. शाळेत बाईंनी नाव पुकारलं तरी तिचा आवाज फुटत नसे. यशवंतरावांच्या घोडीवर, मैनेवर, बसली की मात्र हीच मुलगी ताठ व्हायची. मी मैदानाच्या कडेला पदर मुठीत धरून उभी असायची आणि घोडीवर बसलेली ती कोणा दुसऱ्याचीच मुलगी वाटायची.

यशवंतराव माझ्या सासऱ्यांचे, नरहररावांचे, दोस्त. दोघे रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या ऑफिसात कारकून होते, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. सासरे गेले, पण यशवंतरावांचं रविवारी सकाळी चौबे कॉलनीतल्या आमच्या घरी येणं थांबलं नाही. फाटकाशी खाकरायचे, चपला सरळ रेषेत काढायचे आणि "नरहरच्या घरचा चहा" मागायचे. मला ते सूनबाई म्हणत, मी त्यांना काका. ज्ञानदाचे ते आबा होते. माझं माहेर अकोल्याचं. या गावात माझं म्हणावं असं वडीलधारं माणूस तेवढंच होतं.

शितोळे घराणं भोसल्यांच्या घोडदळाबरोबर नागपूरहून रायपूरला आलं, असं ते सांगत. किती पिढ्यांपूर्वी, ते नक्की नव्हतं. दर सांगण्यात एखादी पिढी वाढायची. त्या घोडदळातलं शेवटी गुढियारीच्या घरामागे एक पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली एक घोडी एवढंच उरलं होतं. म्हातारी झाली की तिच्या जागी दुसरी यायची, पण ठाण कधी रिकामं राहिलं नाही. कारकुनी करतानासुद्धा ते पहाटे रुळांच्या बाजूने रपेट मारून मगच ऑफिसात जात. साहेब विचारायचे, "शितोळेबाबू, आज डाक गाडी से आए या घोड़ी से?" यशवंतराव म्हणायचे, "घोड़ी से साहब, टाइम पर पहुँचना था."

त्यांच्या सगळ्या अभिमानाचं एक वाक्य होतं. शितोळ्यांची घोडी वरातीत नाचत नाही.

लग्नसराईत पांढऱ्या घोडीसाठी लोक त्यांच्या दारात यायचेच. एकदा मी त्यांच्या बायकोकडे, गोदूकाकूंकडे, लोणचं पोचवायला गेले होते, तेव्हा समता कॉलनीतला एक व्यापारी गाडी घेऊन आला. मुलाचं लग्न होतं. यशवंतरावांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भैया, तुमच्या पोराले बसता येते काय घोड्यावर?"

"अरे, बैठना क्या है, घोड़ीवाला पकड़े रहेगा ना."

"मंग त्याले खुर्चीवर बसवून चार लोकाइनं उचला. घोडी काहून पाहिजे?"

माणूस गेल्यावर ते मला म्हणाले होते, "ते नाचवतात, सूनबाई. आम्ही चालवतो. पायाले घुंगरू बांधून डांबरावर टापा आपटवतात मुक्या जनावराले. पाप आहे ते." आत गोदूकाकू तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "पाप अन् पुण्य सगळं ह्याइच्याच घोडीच्या पायात आहे, बापा. घरच्याइले फक्त शेण." आणि आम्ही तिघंही हसलो होतो.

पुढे नवं राज्य झालं आणि आमचं गाव राजधानी झालं. भोपाळहून अधिकारी आले, त्यांच्या घरातली मुलं आली, आणि कोणाच्या तरी डोक्यात आलं की राजधानीत मुलांना घोड्यावर बसायला शिकवणारं काहीतरी हवं. गावाबाहेरचं एक सरकारी मैदान मिळालं. दुसऱ्या कोणाच्या दोन घोड्या आल्या आणि शिकवायला यशवंतराव. ते नुकतेच निवृत्त झाले होते. आयुष्यभर ज्याला सगळे वेड म्हणत होते त्यासाठी आता अधिकारी त्यांना "सर" म्हणायला लागले. त्यांनी नवा खाकी पायजमा शिवून घेतला. मिशा तर आधीच होत्या.

ज्ञानदा बारा वर्षांची असताना तिथे जायला लागली. मला भीती वाटायची. मला सगळ्याचीच वाटते. पण काकांच्या हाती मूल द्यायचं होतं, परक्याच्या नव्हे.

आता बुटांचं. मैनेला एक खोड होती. जोरात दुडकताना तिच्या मागच्या पायाचा खूर पुढच्या पायाच्या नळीला मागून लागायचा. तिथे एक शीर असते, ती दुखावली तर घोडं महिनोन्महिने उभं राहतं. म्हणून पुढच्या दोन पायांना गुडघ्याखाली बूट बांधतात. बूट म्हणजे पावलाचे नव्हेत. नळीभोवती गुंडाळायचं, आतून मऊ आणि बाहेरून कडक असं आवरण. डिसेंबरात भोपाळला मुलांच्या स्पर्धा होत्या, ज्ञानदा मैनेवर उतरणार होती आणि तिच्यासाठी बूट आम्ही घेऊ, असं मीच म्हटलं होतं. कानपूरच्या दुकानाने नमुन्याचे तीन जोड पाठवले. एक ठेवायचा, दोन परत करायचे. आवरण तिन्हींचं सारखंच होतं, फरक बांधण्यात होता. एकाला कातडी पट्टे आणि बकल, दुसऱ्याला ताणणाऱ्या पट्ट्या आणि त्यांना अडकवायला गुंड्या, तिसऱ्याला वेल्क्रो.

"मुझे गुंडीवाला चाहिए," ज्ञानदा म्हणाली. "टीवी पे सब वही पहनाते हैं."

"टीवीवाल्याइच्या घोड्यावर माशा बसत नाहीत," यशवंतराव म्हणाले. "आपल्या बसतात. घोडी पाय झटकते. रबर ढिलं झालं का गुंडी निसटली. बकल घे, पोट्टी. बकल इमानदार असते. ज्या भोकात काल बसलं त्याच भोकात आज बसते. तू रागात आहे का खुशीत, त्याले काही घेणं नाही."

ज्ञानदाने टेबलाच्या पायाला बकलाचा बूट बांधायला घेतला. एका बुटाला तीन बकलं. पट्टा ओवायचा, ओढायचा, सुई भोकात घालायची, टोक फाशात सरकवायचं. ती खाली वाकून जीभ दातात धरून बसली होती, आणि मला टेबलाचा पाय दिसेना, मैनेचा दिसायला लागला. माझ्या मुलीचं डोकं खुरापासून वीतभर अंतरावर. आणि असे दोन पाय.

"वेल्क्रो घ्या," मी म्हणाले.

"काहून?"

"पटकन होईल. जितका कमी वेळ ती खाली वाकेल तितकं बरं."

यशवंतरावांनी वेल्क्रो चर्रकन उघडला. त्याच्या खरखरीत बाजूवरून बोट फिरवलं. "ही भिकारीण आहे, सूनबाई. रस्त्यात दिसेल ते धरते. केस, गवत, काटे. दर आठ दिवसांनी कंगव्यानं साफ करा लागन, नाही तर पकडणार नाही. अन् दुसरं म्हणजे हिले भोक नाही. किती ओढायचं ते हातावर आहे. जास्त ओढलं तर शीर दाबली जाते, कमी ओढलं तर बूट फिरते."

"मग तुम्ही शिकवा ना किती ओढायचं ते."

त्यांनी वेल्क्रो परत चिकटवला. मग हसले. "नरहर असाच होता. एकदा म्हणला का म्हणला. ठेवा वेल्क्रो."

आणि त्यांनी शिकवलं. मधला पट्टा आधी, मग वरचा, मग खालचा. टोक नेहमी मागच्या बाजूला. तिन्हींचा ताण सारखा. बांधून झालं की वरून एक बोट आत सरकलं पाहिजे, दोन सरकली तर ढिला. रोज ते मैनेच्या पलीकडून विचारायचे, "किती बोटं?" आणि ज्ञानदा ओरडायची, "एक बोट, आबा!" आमच्या घरातली ही मुलगी माझ्याशीसुद्धा हिंदीतच बोलते. हे तेवढं तिचं मराठी.

त्या वर्षी जेठौनी नोव्हेंबरात होती. तुळशीच्या लग्नाला इकडे जेठौनी म्हणतात. त्या दिवशी अंगणात उसाचा मांडव पडतो आणि दुसऱ्या दिवसापासून गावात बँड वाजायला लागतात. त्यानंतरच्याच एका सोमवारी ज्ञानदा मैदानावरून पायी घरी आली. सायकल तिथेच विसरली होती. तोंड पांढरं पडलेलं.

मैना लंगडत होती. पुढच्या डाव्या पायाची शीर सुजली होती आणि हात लावला की ती पाय उचलून धरायची.

संध्याकाळी यशवंतराव आले. रविवार नसताना आले, म्हणून मी आधीच घाबरले. ते बसले नाहीत. बुटांचा जोड त्यांनी पेपरात गुंडाळून आणला होता, तो टेबलावर ठेवला.

"हे ठेवा घरी, सूनबाई. मले डोळ्यापुढं नको."

"काय झालं काका?"

"काय होणार? शनिवारी पोट्टीनं ओढून बांधले असतील. भोपाळची घाई. लेकरू आहे, हातात जोर आला का समजत नाही." मग थोडं थांबून, "बकल असतं तर भोकाच्या पुढं गेली नसती. पण जाऊ द्या आता."

ज्ञानदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आबा, एक उँगली थी. मैंने देखा था."

"तुले वाटलं असन बेटा," ते म्हणाले, अगदी मायेने. तिच्या डोक्यावर हात ठेवला. "होते. माझ्या हातूनही झालं आहे लहानपणी. कोणाले काही सांगू नको. मीही नाही सांगत."

ते गेल्यावर मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. किती सांभाळून घेतलं, असंच मी सौमित्रला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं.

भोपाळ राहिलं. त्याचं मला काही वाटलं नाही, मी तर मनात सुटलेच. पण ज्ञानदा मैदानावर जाईना. सायकल सौमित्रने जाऊन आणली. ती जेवायला बसायची आणि हाताच्या बोटांकडे बघत राहायची. गणिताची वही काढली की पेन्सिलचं टोक मोडायचं, पुन्हा टोक करायचं, पुन्हा मोडायचं. म्हणायची, मला दाब कळत नाही. एका दुपारी मी तिच्या खोलीत गेले तर तिने मैनेचा बूट स्वतःच्या हाताला बांधला होता, कोपरापासून मनगटापर्यंत. तिन्ही पट्टे ओढून. बोटं निळसर पडली होती.

"ज्ञानदा! काय करून राहिलीस!"

"देख रही हूँ, उसको कितना दुखा होगा."

मी पट्टे उपटून काढले. हातावर तीन आडवे वळ होते. आधी तिचा हात चोळला, दूध दिलं, ती पुस्तक घेऊन बसेपर्यंत तिथेच उभी राहिले. मग बूट घेऊन मागच्या अंगणात आले. माळ्यावर टाकायचे, तिला दिसणार नाहीत असे. पण घाणेरडी वस्तू माळ्यावर टाकायची सवय मला नाही. जुना कंगवा घेतला आणि वेल्क्रो साफ करायला बसले.

आधी मैनेचे पांढरे केस निघाले, गवताच्या काड्या निघाल्या. मग सोनेरी काहीतरी चमकलं. मला वाटलं चॉकलेटचा कागद असेल. ओढला तर लांब निघाला, केसासारखा बारीक आणि चपटा. नवरदेवाच्या तोंडावर सोडतात त्या सेहऱ्याला असतो तो जरीचा बादला. आणखी ओढलं, आणखी निघाला. मग गुलाबी रेशमाचे धागे, झुलीच्या झालरीला असतात तसे गुंतलेले. झेंडूची एक वाळलेली पाकळी. प्रत्येक पट्ट्यात तेच, आकड्याआकड्यात अडकलेलं. मी बूट नाकाशी नेला. घोड्याच्या घामाच्या वासाखाली अत्तर होतं.

मग बूट उलटा करून बाहेरची बाजू बघितली. कडक आवरणावर गोल गोल खळगे होते, ओळीने, एकाखाली एक चार ओळी. ज्ञानदा सहा वर्षांची असताना तिला वर्षभर नाच शिकवला होता. घुंगरांच्या पट्ट्याखाली कपडा घातला की त्यावर असेच ठसे उमटायचे.

मी तिथेच बसून राहिले. दोरीवरचे कपडे वाळून कडक झाले होते ते काढायचेही सुचेना. मला आठवत होता तो डोक्यावर ठेवलेला हात. कोणाला सांगू नको बेटा, मीही नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौमित्र ऑफिसला गेल्यावर मी रिक्षाने गुढियारीला गेले. यशवंतराव मागच्या छपरात उकिडवे बसून मैनेच्या पायाला गार मातीचा लेप लावत होते. सूज उतरली होती, पण ती पाय पूर्ण टेकवत नव्हती.

"या, सूनबाई! इतक्या सकाळी? गोदू, चहा टाक."

मी रुमालाची गाठ सोडली आणि तो सोनेरी गुंता त्यांच्या मातीच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो उजेडात धरला. इतके हुशार होते की कुठून निघाला हे विचारावं लागलं नाही. नाटकही केलं नाही, हे मी सांगायला हवं. गोदूकाकू दारातून म्हणाल्या, "सांगा आता. मी म्हणलं होतं का नव्हतं, पोट्टीवर ढकलू नका म्हणून?"

"तू चहा पाहा."

"चहा पाहाते मी. तुमी तिच्याकडं पाहा."

मग त्यांनी सांगितलं. रविवारच्या मुहूर्ताचं लग्न. मैदान ज्या साहेबाच्या हाताखाली, त्याच्या पुतण्याचं. साहेब स्वतः मैदानावर आला. पांढरी घोडी गावात दुसरी मिळत नव्हती. म्हणाला, शितोळे सर, आमच्यासाठी एवढं नाही करणार? आणि जाता जाता म्हणाला, पुढल्या वर्षी या मैदानाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

"नाही कसं म्हणू, सूनबाई? मैदान गेलं तर हे सगळं गेलं. मंग पुन्हा मी रुळाकडचा शितोळेबाबू." त्यांनी लेपाचा हात मैनेच्या पायावरून काढला नव्हता. "म्हणले, एक घंटा. चार घंटे नाचवली. डांबरावर. मी सोबत चाललो, तोंडाले गमछा बांधून. कोणी ओळखू नये म्हणून."

त्यांच्याबद्दल वाईट वाटलं मला. ते खोटं नाही. त्या गमछ्याचं तर फारच.

"ते समजलं काका," मी म्हणाले. "साहेबाला नाही म्हणता आलं नाही. पण ज्ञानदाचं नाव काहून घेतलं?"

त्यांनी लेपात पुन्हा बोटं बुडवली.

"घोडी दगडावर अडखळली म्हणायचं होतं. खड्ड्यात पाय गेला म्हणायचं होतं. आम्ही काय तपासायला येणार होतो?"

"सगळे विचारत होते, सूनबाई. मैदानावरचे. तुमच्या घोडीले काय झालं, तुमच्या घोडीले काय झालं. एक जण तर म्हणला, वरातीत दिसली होती बापा तुमच्यासारखी घोडी. तेव्हा तोंडातून निघून गेलं, का पोट्टीनं बूट ओढून बांधले." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेकरू आहे. लेकराची चूक कोणी मनावर घेत नाही. लेकरूही विसरून जाते."

म्हणजे मैदानावर सगळ्यांना सांगून झालं होतं. आमच्या घरी येऊन 'कोणाला सांगणार नाही' म्हणाले ते त्यानंतर.

मी चहा घेतला नाही. त्या घरी तसं पहिल्यांदाच झालं. "रविवारी या," मी म्हणाले, "आणि तिला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला ते खरं वाटणार नाही. ती माझ्यापेक्षा तुमचं मानते."

"हव," ते म्हणाले. "येतो."

सौमित्रला मी हे सांगितलं तेव्हा त्याने आधी घोडीचा पाय कसा आहे ते विचारलं. मग म्हणाला, "साठी उलटलेला माणूस आहे. बाबांचा दोस्त. पोरीसमोर मान खाली घालायला लावणं बरं दिसतं का?" मी म्हटलं, "पोरीची खाली गेली आहे, ती दिसते का?"  रविवारी तो घरीच थांबला.

यशवंतराव आले. फाटकाशी खाकरले. चपला रेषेत काढल्या. हातात एक खोकं होतं. ज्ञानदा त्यांच्यासमोर यायला तयार नव्हती, मी हात धरून तिला बाहेर आणलं. ती खाली बघत उभी राहिली. मी त्यांच्याकडे बघितलं. आता.

त्यांनी खोकं उघडलं. आत बुटांचा नवा जोड होता. बकलाचा.

"हे घे, पोट्टी," ते म्हणाले. "मागवले तुह्यासाठी. आता बकल आहे. चौथ्या भोकात लावायचं, बस. आता चुकायचा सवालच नाही."

आणि ते माझ्याकडे बघून हसले. जुनं, घरचं, नरहरच्या सुनेला हसायचं तेच हसू. सांभाळून घ्या, असं ते हसू म्हणत होतं. आपण घरचीच माणसं आहोत.

ज्ञानदाने तो जोड छातीशी धरला. तिचे डोळे भरून आले. "थँक यू, आबा. मैं दोबारा गलती नहीं करूँगी."

आणखी थोडं तिथे थांबले असते तर माझ्या हातून काय झालं असतं ते मला माहीत नाही. मी उठले, आतून जुने बूट आणले. एकच पट्टा मी साफ केला होता, बाकीचे तसेच होते. ते टेबलावर यशवंतरावांच्या चहाशेजारी ठेवले. कंगवा ज्ञानदाच्या हातात दिला.

"हे साफ कर. आठ दिवसांनी करायचे असतात ना? इथेच बसून कर."

"अभी?"

"आत्ता."

यशवंतरावांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. सौमित्र पेपर उघडून बसला होता, पान उलटत नव्हता. ज्ञानदाने पट्टा उघडला, चर्र आवाज झाला. तिने कंगवा फिरवला. पांढरे केस. मग सोनेरी तार. तिने ती दोन बोटांत धरून ओढली, ती निघतच राहिली.

"मम्मी, ये क्या है?"

"आबांना विचार."

तिने विचारलं नाही. ती घोड्यांतली मुलगी होती, तिला विचारावं लागलं नाही. तिने गुलाबी धागे काढले, बूट उलटा केला, खळग्यांवरून अंगठा फिरवला. एक ओळ, दुसरी ओळ. चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि मला वाटलं होतं तसा तो उजळला नाही.

"घुंगरू?" ती म्हणाली. "आपने इसके ऊपर घुंगरू बाँधे?"

यशवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. घराण्याचा माणूस, कोणत्याही प्रश्नाला उत्तर असलेला. शेवटी म्हणाले, "तिले टोचू नये म्हणून घातले होते खाली. बूट."

तेवढंच. त्यांच्या आयुष्यातला कबुलीजबाब तेवढाच.

"तो मैंने नहीं किया था," ज्ञानदा म्हणाली. त्यांना नाही, मला नाही, टेबलाला म्हणाल्यासारखं. मग पुन्हा, "मेरी एक उँगली ठीक थी."

"होती, बेटा," सौमित्र पेपराआडून म्हणाला.

तिने बकलाचे बूट खोक्यात परत ठेवले, झाकण लावलं आणि खोकं यशवंतरावांच्या बाजूला सरकवलं. नीट, न आपटता. वडीलधाऱ्यांच्या हातात वस्तू देतात तसं. मग आत गेली. ते थोडा वेळ बसले. मग उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "सूनबाई, पोट्टीसमोर असं नव्हतं करायले पाहिजे."

मी दार लावलं.

त्यानंतर रविवारी फाटकाशी कोणी खाकरलं नाही. सुरुवातीचे दोन-तीन रविवार मी सवयीने चहा जास्त टाकत होते, तो सांडून द्यावा लागायचा. मैदान पुढच्या वर्षीही टिकलं. साहेबाची बदली झाली आणि नवीन साहेबाला घोड्यांशी काही घेणंदेणं नव्हतं. गावात अजूनही कोणी म्हणतं, शितोळे म्हणजे जुनं इमान, त्यांची घोडी वरातीला जात नाही. मी ऐकून घेते. ज्ञानदाने कुठे बोलू नये असं मी तिला सांगितलं नव्हतं, पण ती बोलली नाही. मैदानावरच्या मुलांच्या लेखी मैनेला लंगडं करणारी मुलगी तीच राहिली. हे मला सगळ्यात जास्त खुपतं, आणि ती म्हणते, "रहने दो, मम्मी."

होळीच्या सुमाराला गोदूकाकूंचा निरोप आला, मैना चालायला लागली आहे, पोट्टीला पाठवा. मी नको म्हणणार होते. ज्ञानदाच म्हणाली, "मैना के लिए जाऊँगी." आणि माळ्यावरून वेल्क्रोचे बूट काढून घेतले.

मी सोबत गेले आणि नेहमीसारखी मैदानाच्या कडेला उभी राहिले. यशवंतराव मैनेचा लगाम धरून पलीकडे उभे होते. खाकी पायजमा सैल झाला होता. ज्ञानदाने त्यांना वाकून नमस्कार केला. तो मी शिकवलेला, त्यात दुसरं काही नव्हतं. मग मैनेच्या गळ्याला गाल लावून बराच वेळ उभी राहिली, खाली वाकली आणि बूट बांधायला घेतले. मधला पट्टा, वरचा, खालचा. टोक मागे. मी श्वास रोखून खुराकडे बघत होते.

"किती बोटं?" यशवंतरावांनी पलीकडून विचारलं. सवयीने विचारलं असावं, किंवा नसेलही.

ज्ञानदाने वरून बोट सरकवून बघितलं. पट्टा सोडला, पुन्हा लावला, पुन्हा बोट सरकवलं. मग उठली, हात पायजम्याला पुसले आणि दुसऱ्या पायाकडे गेली.

यशवंतराव थोडा वेळ लगाम धरून वाट बघत राहिले.